चित्र जिल्ह्याच्या गावी पोहोचले, सुई अजून महानगरातच

वैद्यकीय रोबोंविषयीच्या बातमीत 'मिलिमीटरची अचूकता' हे शब्द आले नाहीत, असे सहसा होत नाही. कर्करोगाच्या निदानासाठी सुईने ऊतीचा नमुना घेण्याच्या, म्हणजे सुई-बायोप्सीच्या कामात आता रोबो येत आहेत. त्यांच्याविषयीच्या बातम्यांतही हेच शब्द असतात, सोबत चकचकीत यंत्रहस्ताचे छायाचित्र असते आणि 'देशात प्रथमच' अशी जोड असते. मी भौतिकशास्त्राचा अभ्यासक आहे, डॉक्टर नव्हे. मापनातील त्रुटी कुठून येतात आणि त्यांपैकी कोणती कमी केल्याने खरोखर फरक पडतो, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या अंगाने पाहिले तर या बातम्यांतील मिलिमीटर खरे असूनही त्यांचा अर्थ चुकीच्या ठिकाणी लावला जातो असे मला वाटते, आणि भारतासाठी त्याची किंमत मोठी आहे.

आधी सुईचे भौतिकशास्त्र पाहू. फुप्फुसात, त्वचेपासून १० सेंटिमीटर खोल, १ सेंटिमीटर व्यासाची एक गाठ आहे असे समजा. सुईचा कोन फक्त ३ अंशांनी चुकला, तर टोक लक्ष्याच्या केंद्रापासून सुमारे ५.२ मिलिमीटर दूर जाते. गाठीची त्रिज्या ५ मिलिमीटर आहे, म्हणजे सुई गाठीच्या कडेवरून निघून गेली. ३ अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा अर्ध्या मिनिटात जेवढा फिरतो तेवढे. हातात सुई धरून, रुग्णाच्या छातीवर वाकून, केवळ नजरेने हा फरक ओळखणे किती अवघड असेल याची कल्पना विद्यार्थ्यांनी पट्टी आणि कोनमापक घेऊन स्वतः करून पाहावी.

त्यातच सुई सरळ जात नाही. बायोप्सीच्या अनेक सुयांचे टोक तिरपे कापलेले असते. ऊतीचा दाब त्या तिरप्या पृष्ठभागावर एकाच बाजूने पडतो आणि सुई विरुद्ध बाजूला झुकत जाते. सुई जितकी बारीक तितकी ती अधिक वाकते. सुयांच्या 'गेज' मापाची गंमत अशी की आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: १८ गेजच्या सुईचा बाह्य व्यास सुमारे १.२७ मिलिमीटर, २२ गेजचा सुमारे ०.७२ मिलिमीटर. नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. भिंतीच्या जाडीचे प्रमाण सारखे मानले, तर २२ गेजची सुई १८ गेजच्या मानाने जवळजवळ दहापट सहज वाकते. बारीक सुईने इजा कमी होते, पण नेम धरणे कठीण होते. जाड सुईने नेम साधतो आणि ऊतीचा सलग तुकडा मिळतो, पण रक्तस्रावाचा धोका वाढतो. ही ओढाताण कोणत्याही रोबोने संपत नाही.

(जाता जाता: तिरप्या टोकाची हीच खोड उपयोगात आणता येते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट वेबस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा सुईच्या गतीसाठी सायकलचे गणिती प्रारूप मांडले. सायकल आडवी सरकत नाही, पण हॅंडल वळवून पुढे नेत राहिले तर हव्या त्या ठिकाणी पोहोचते. सुईसुद्धा आत सरकवता सरकवता अक्षाभोवती फिरवली तर वळणे घेऊ शकते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा विषय अवश्य वाचावा. अबंधित वाटणाऱ्या गतीवरील बंधनांचे इतके देखणे उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच असते.)

तर रोबो काय करतो? शस्त्रक्रियेतील रोबोंचा इतिहास सांगताना लोक पोटाच्या शस्त्रक्रियांपासून सुरुवात करतात. प्रत्यक्षात तो सुईपासून सुरू होतो. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे 'प्यूमा' नावाचा, मुळात कारखान्यांसाठी बनवलेला यंत्रहस्त सी.टी. स्कॅनच्या आधारे मेंदूच्या बायोप्सीसाठी वापरला गेला. यंत्राने मार्गदर्शक नळी अचूक कोनात धरली. आजही बहुतेक सी.टी.-आधारित रोबो मूलतः हेच करतात. आधी स्कॅन होतो. डॉक्टर पडद्यावर दोन बिंदू ठरवतात: त्वचेवर सुई कुठून शिरेल आणि आत कुठे थांबेल. संगणक त्यावरून कोन आणि खोली काढतो. यंत्रहस्त त्या कोनात मार्गदर्शक धरून स्थिर उभा राहतो. सुई आत सरकवतो तो डॉक्टरांचाच हात. 'रोबोने बायोप्सी केली' हे मथळ्यापुरते ठीक, पण येथे रोबोची भूमिका सुताराच्या गुण्यासारखी आहे: तो कोन धरतो, करवत सुतारच चालवतो.

या क्षेत्रात भारत केवळ गिऱ्हाईक नाही, हे आवर्जून सांगायला हवे. चेन्नईच्या परफिंट हेल्थकेअर या २००५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने 'रोबिओ' आणि 'मॅक्सिओ' ही सी.टी.सोबत चालणारी यंत्रे बनवली आणि ती परदेशांतील रुग्णालयांतही गेली. त्यांपैकी 'रोबिओ'ची एक परीक्षा रोममधील डॉक्टरांनी घेतली आणि २०१५ मध्ये 'युरोपियन रेडिओलॉजी' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फुप्फुसाच्या बायोप्सीसाठी आलेले शंभर रुग्ण दोन गटांत विभागले गेले; एका गटात रोबोच्या साहाय्याने, दुसऱ्यात नेहमीच्या पद्धतीने सुई घातली गेली. रोबोच्या गटात वेळ कमी लागला आणि रुग्णाला मिळालेली क्ष-किरणांची मात्राही कमी झाली. सुई योग्य जागी पडण्याची अचूकता, निदानाचे यश आणि गुंतागुंतीचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच होते.

या निष्कर्षावर थोडे थांबायला हवे. अचूकता वाढावी म्हणून आणलेल्या यंत्राने अचूकता वाढवली नाही, वेळ वाचवला. हे यंत्राचे अपयश आहे का? माझ्या मते नाही. अनुभवी हातांशी तुलना केली की असेच होणार, आणि त्यामागचे गणित बारावीचा विद्यार्थीही करू शकेल.

एकमेकांशी संबंध नसलेल्या त्रुटी सरळ बेरजेने वाढत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. सुईच्या बाबतीत दोन मुख्य त्रुटी धरू: कोनातून येणारी आणि श्वासातून येणारी. फुप्फुसाच्या खालच्या भागातील गाठ श्वासागणिक सेंटिमीटरभर, कधी त्याहूनही अधिक, वरखाली होते. स्कॅन एका रोखलेल्या श्वासात घेतला जातो, सुई दुसऱ्या श्वासात जाते, आणि घाबरलेला माणूस दोन्ही वेळा सारखाच श्वास रोखेल याची खात्री नसते. आता केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. श्वासाची त्रुटी ८ मिलिमीटर, अनुभवी डॉक्टरांच्या कोनाची त्रुटी ३ मिलिमीटर. एकूण त्रुटी सुमारे ८.५. रोबोने कोनाची त्रुटी १ मिलिमीटरवर आणली, तर एकूण त्रुटी सुमारे ८.१. एवढा आटापिटा करून अर्धा मिलिमीटरही हाती लागला नाही. आता सुई क्वचितच धरणारा, जिल्ह्याच्या ठिकाणचा तरुण डॉक्टर घ्या. त्याच्या कोनाची त्रुटी ८ मिलिमीटर असेल, तर एकूण ११.३. रोबोसह तीच ८.१, म्हणजे महानगरातील तज्ज्ञाइतकी.

माझे म्हणणे या दोन ओळींच्या हिशेबात आहे. कोन धरणाऱ्या यंत्राचा लाभ जिथे कौशल्य दुर्मीळ आहे तिथे सर्वाधिक, आणि जिथे ते मुबलक आहे तिथे सर्वांत कमी. आपण मात्र ते यंत्र नेमके दुसऱ्या ठिकाणी बसवतो, तिथेच त्याची चाचणी घेतो आणि तिथल्याच आकड्यांवरून त्याचे मोल ठरवतो.

भारतात चित्र आणि सुई यांच्यात पडलेले अंतर गेल्या दहा वर्षांत अधिक ठळक झाले आहे. २०१५ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान सेवा उपक्रमात राज्यांना सी.टी. स्कॅन आणि दूरस्थ रेडिओलॉजी सेवा उभारण्यासाठी साहाय्य मिळते. जिल्हा रुग्णालयात स्कॅन होतो, चित्र तारेवरून दुसऱ्या शहरातील रेडिओलॉजिस्टकडे जाते, अहवाल परत येतो. ही मोठी सोय आहे. पण अहवालाच्या शेवटी 'ऊतीच्या तपासणीने खात्री करावी' असे वाक्य आले, की ती सोय तिथेच संपते. चित्र तारेवरून जाते. सुईसाठी रुग्णालाच गाडीत बसावे लागते. मग डिब्रुगडहून गुवाहाटी, मुझफ्फरपूरहून पाटणा किंवा वाराणसी, आणि तिथेही तारीख मिळाली नाही तर मुंबई. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर जी कुटुंबे दिसतात, त्यांतील कित्येकांच्या हातातील फाइलमध्ये स्कॅन असतो, निदान नसते.

फुप्फुसाच्या बाबतीत या विलंबाला आपल्या देशात एक वेगळे वळण आहे. छातीच्या चित्रात डाग दिसला की आधी क्षयाचा विचार होतो, आणि क्षयाचा भार पाहता तो होणे स्वाभाविकही आहे. मात्र ऊतीचा किंवा जंतूंचा पुरावा नसतानाच औषधे सुरू केली जातात, दोन-तीन महिने गुण येण्याची वाट पाहिली जाते, आणि तोवर गाठ वाढलेली असते. भारतीय डॉक्टरांनी फुप्फुसाच्या कर्करोगावर लिहिलेल्या शोधनिबंधांत ही तक्रार पुन:पुन्हा येते. चित्रावरून हे दोन आजार वेगळे करणे अनेकदा अशक्य असते, ऊतीवरून शक्य असते. त्या रुग्णाला मिलिमीटरची अचूकता नको आहे, वेळेत टोचलेली एक सुई हवी आहे.

तरीही जिल्हा रुग्णालयांत रोबो बसवा म्हणजे प्रश्न सुटला, असे मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी कर्करोगाचे सुमारे १४.१ लाख नवे रुग्ण आढळले. त्यांत स्तनाचा कर्करोग सुमारे १.९२ लाख, ओठ व तोंडाचा १.४४ लाख, गर्भाशयमुखाचा १.२८ लाख. एकूण रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश या तीन प्रकारांतच येतात, आणि त्यांच्या निदानासाठी सी.टी. रोबोचे काहीच काम नाही. तोंडातील आणि गर्भाशयमुखाचा नमुना चिमट्यासारख्या साध्या उपकरणाने थेट घेता येतो. स्तनातील गाठीसाठी सोनोग्राफी पुरते. तिच्यात सुई आत जाताना प्रत्यक्ष दिसते, क्ष-किरण नसतात आणि यंत्र स्वस्त असते. (सोनोग्राफीचा प्रसार आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या नोंदणी व पात्रतेच्या अटींखाली होतो. त्या अटींमागचे कारण अत्यंत योग्य आहे. पण सुईसाठी सोनोग्राफी शिकू पाहणाऱ्या सर्जनला त्यातून वाट काढावी लागते, याची चर्चा होत नाही.) फुप्फुसाच्या कर्करोगातही आजार मानेतील गाठीपर्यंत पोहोचलेला असेल, तर अनुभवी डॉक्टर छातीला हात न लावता मानेतून नमुना घेतात. सर्वांत सोपे लक्ष्य आधी शोधावे, हे त्या विद्येतील जुने शहाणपण आहे, आणि रोबो दारात उभा असला की नेमके तेच विसरण्याचा मोह होतो.

चित्राचे महत्त्व आणि यंत्राचे महत्त्व यांची गल्लत पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या बायोप्सीतही होते. २०१८ मध्ये 'प्रिसिजन' या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५०० पुरुषांपैकी ज्यांची आधी एम.आर.आय. करून संशयित जागीच सुई घातली गेली, त्यांच्यात उपचारयोग्य गंभीर कर्करोग ३८ टक्क्यांना सापडला. ठरावीक ठिकाणी दहा-बारा सुया घालण्याच्या जुन्या पद्धतीत २६ टक्क्यांना. शिवाय निरुपद्रवी कर्करोग उगाच सापडण्याचे प्रमाणही घटले. हे यश बहुतांशी नेम कुठे धरायचा हे कळण्याचे आहे. त्या चाचणीत डॉक्टरांना संगणकाची मदत घेण्याची किंवा केवळ एम.आर.आय. नजरेसमोर ठेवून सुई घालण्याची, दोन्ही मुभा होत्या.

आता जोखमीकडे येऊ, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी हा प्रश्न सर्वांत कळीचा आहे. छातीतून फुप्फुसात सुई गेली की हवा बाहेर पडून फुप्फुसाभोवती साचू शकते आणि फुप्फुस आक्रसते. २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अमेरिकी चाचणीत छातीतून सुई घातलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना हा त्रास झाला; श्वासनलिकेतून दिशादर्शक दुर्बिणीने नमुना घेतलेल्यांत केवळ ३ टक्क्यांना, आणि निदानाची अचूकता कमी न होता. बहुतेकांचा त्रास आपोआप किंवा थोडक्या उपायांनी शमतो, काहींच्या छातीत मात्र नळी घालावी लागते. म्हणजे सुई घालायला रोबो असला, तरी रात्री दोन वाजता नळी घालणारा डॉक्टर, ती सांभाळणारी परिचारिका आणि ऑक्सिजन असल्याखेरीज ही प्रक्रिया तिथे करणे बेजबाबदारपणाचे ठरेल. खरेदीच्या निविदेत ही बाब मी कधी वाचलेली नाही.

सुई बाहेर आल्यानंतरचा प्रवासही तितकाच नाजूक आहे. तांदळाच्या दाण्याहून बारीक तुकडा योग्य तीव्रतेच्या, आम्लता नियंत्रित केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरक-ग्राहींच्या तपासणीसाठी तो त्यात किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास असावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मग मेणात बसवून त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे, रंगवायचे, पाहायचे. फुप्फुसाच्या कर्करोगात त्याच तुकड्यातून जनुकीय चाचणीसाठीही ऊती उरायला हवी, कारण औषध त्यावर ठरते. एका परिचिताच्या बाबतीत एका रुग्णालयाने दोनदा सुई घातली. पहिल्या वेळी सुई नेमक्या जागी होती, हे स्कॅनमध्ये स्पष्ट दिसत होते. नमुना चुकीच्या द्रावणात दोन दिवस पडून राहिल्याने वाया गेला. रोबोच्या अचूकतेच्या आकडेवारीत ती बायोप्सी 'यशस्वी' म्हणूनच मोजली गेली असती.

यावर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. सुई बाहेर येताच तिच्यातील पेशी काचपट्टीवर पसरून, झटपट रंगवून, तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. नमुना पुरेसा आहे का, एवढेच सांगायचे. नसेल तर रुग्ण टेबलावर असतानाच दुसरा नमुना घेता येतो. अडचण अशी की त्यासाठी पेशीतज्ज्ञ शेजारी उभा हवा, आणि जिल्ह्यात तो नसतो. पण इथे पुन्हा चित्र कामी येते. सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा आणि बरा इंटरनेट असेल, तर तो तज्ज्ञ गुवाहाटीत किंवा मुंबईत बसून सांगू शकतो. कोन धरणारा रोबो आणि काचपट्टीचे चित्र पाठवणारा कॅमेरा ही जोडी मला कोणत्याही पूर्ण स्वयंचलित यंत्रापेक्षा अधिक उपयुक्त वाटते. तिच्यावर बातमी होणार नाही, हे मान्य.

लोकांच्या मनातील भीतीविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. 'गाठीला डिवचू नये, सुई लागली की आजार पसरतो' हे वाक्य मी शिकलेल्या घरांतही ऐकले आहे. सुईच्या मार्गात पेशी रुजण्याचे प्रकार घडतात, पण ते विरळ आहेत. यकृताच्या कर्करोगात जुन्या आढाव्यांनी हे प्रमाण २ ते ३ टक्क्यांच्या आसपास दाखवले, आणि तिथे अनेकदा केवळ स्कॅनवरून निदान करून सुई टाळतात. वृषणाच्या संशयित गाठीत सुई घालत नाहीत. हाडा-स्नायूंच्या सार्कोमात सुईचा मार्ग असा आखतात की पुढे शस्त्रक्रियेत तोही काढून टाकता यावा. अपवाद डॉक्टरांना ठाऊक असतात आणि त्यांच्यासाठी नियम आहेत. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या दोन हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आधी सुईने नमुना घेतलेल्यांचे आयुर्मान कमी झाल्याचे आढळले नाही. निदानाविना जाणाऱ्या महिन्यांत आजार पसरतो, त्याचे खापर मात्र सुईवर फुटते.

मग करायचे काय? २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची, त्यांपैकी २०० त्याच वर्षी, अशी घोषणा झाली. म्हणजे रसायनोपचाराची खुर्ची रुग्णाच्या जिल्ह्यात येणार. स्वागतार्ह आहे. पण ऊतीच्या अहवालाशिवाय त्या खुर्चीत कोणाला बसवता येत नाही. उपचार जिल्ह्यात आणि निदान राजधानीत, अशी उलटी व्यवस्था झाली, तर रुग्णाचा पहिला आणि सर्वांत अनिश्चित प्रवास तसाच राहील.

कोन धरणाऱ्या रोबोची खरी चाचणी म्हणूनच जिल्ह्यात व्हायला हवी, आणि तिच्यासाठी देशात एक जागा जवळजवळ तयार आहे. आसामात राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून कर्करोग रुग्णालयांचे विकेंद्रित जाळे उभारले. त्यातील सात रुग्णालयांचे उद्घाटन एप्रिल २०२२ मध्ये झाले. डिब्रुगड, बारपेटा, तेजपूर, जोरहाट, लखीमपूर, कोक्राझार, दरांग ही ती ठिकाणे. ईशान्येत या आजाराचे प्रमाणही देशात सर्वाधिक आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात पुरुषांमधील सर्वाधिक प्रमाण मिझोराममधील ऐझॉलचे होते, लाखामागे २६९. स्त्रियांमधील अरुणाचलातील पापुम पारेचे, लाखामागे सुमारे २२०. अशा जाळ्यातील निम्म्या केंद्रांत रोबो द्यावेत आणि निम्म्यांत तेवढ्याच खर्चात एका डॉक्टरचे सुईचे प्रशिक्षण, काचपट्टीचा कॅमेरा आणि नळीची तयारी करावी. दोन वर्षांनी तुलना करावी. दुसरा गट जिंकला तर मला आश्चर्य वाटणार नाही. पहिला जिंकला तर आनंद वाटेल, कारण मग चेन्नईतील अभियंत्यांच्या कामाला आपल्याच देशात योग्य जागा सापडेल.

मोजायचे काय, हेही आधीच ठरवावे लागेल. मिलिमीटर मोजावेत, त्यांना माझी हरकत नाही. पण त्यांच्या वर, पहिल्या ओळीत, संशयित स्कॅनपासून स्वाक्षरी झालेल्या अहवालापर्यंतचे दिवस हवेत. त्याखाली किती जणांना पुन्हा सुई घ्यावी लागली, किती नमुने अपुरे ठरले, किती जणांच्या छातीत नळी घालावी लागली आणि किती जणांना त्यासाठी दुसऱ्या गावी पाठवावे लागले. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक यंत्रासाठी हे आकडे दरवर्षी खुलेपणाने प्रसिद्ध करण्याची अट खरेदी करारातच घालता येईल.

त्या नोंदवहीत आणखी एक रकाना हवा: सुई घेतली, पण अहवालासाठी परत न आलेले रुग्ण. चहामळ्यात रोजंदारीवर असलेल्या माणसाचा प्रत्येक फेरीला एक दिवस बुडतो, आणि पहिल्या फेरीनंतर फोन लागत नाही असे रुग्ण प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला परिचित आहेत. त्यांना शोधून काढणे हे यंत्राच्या पुरवठादाराचे काम नाही. तो रकाना भरण्यासाठी आणि त्या लोकांच्या घरी जाण्यासाठी लागणारा एक माणूस, त्याच्या पगारासह, रोबोच्याच अंदाजपत्रकात धरावा लागेल.